थर्मामीटरचे घर आणि आमचे घर

हवामान खात्याचा थर्मामीटर कोठे राहतो, हे आमच्या किती वाचकांना ठाऊक आहे? तो उघड्या उन्हात राहत नाही. त्याच्यासाठी लाकडाची एक खास पेटी असते. तिला बाहेरून पांढरा रंग दिलेला असतो. तिच्या भिंती अखंड फळीच्या नसून दुहेरी झडपांच्या असतात, म्हणजे वारा आत जातो पण ऊन जात नाही. तिचे छत दुपदरी असते आणि दोन पदरांच्या मध्ये हवा खेळते. जमिनीची धग लागू नये म्हणून ती माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, चार पायांवर उभी असते. तिचे दार उत्तरेला उघडते, कारण नोंद घेणारा कर्मचारी दार उघडेल तेव्हासुद्धा थर्मामीटरवर ऊन पडता कामा नये! एवढा सगळा बंदोबस्त करून घेतलेला आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो : भुसावळ ४५ अंश, जळगाव ४४ अंश.

म्हणजे हा ४५ चा आकडा सावलीतला, वाऱ्यातला, पांढऱ्या घरातला आहे. ज्या पत्र्याखाली आमची माय दुपारी भाकरी थापते आणि ज्या पत्र्याखाली आठ दिवसांचे बाळ झोळीत झोपलेले असते, तेथला आकडा कोणीच घेत नाही. इथल्या व्यवस्थेने एका काचेच्या नळीसाठी जे घर बांधले, ते माणसासाठी बांधले नाही, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय?

आम्ही येथे तापीच्या खोऱ्याबद्दल बोलत आहोत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीचा, काळ्या जमिनीचा हा लांबट पट्टा. पिके निघाली की ही काळी माती उघडी पडते आणि एप्रिलपासून दिवसभर ऊन पीत बसते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांना पाण्याचा आणि झाडोऱ्याचा आधार असतो. बागेत मजुरी करणाऱ्या माणसाच्या घराला तो नसतो. भुसावळच्या रेल्वे वस्त्यांत, गावोगावच्या भीमनगरांत आणि गायरानावर वसलेल्या झोपड्यांत पत्रा आहे. ज्याचे बरे चालले आहे त्याच्याकडे चार-पाच इंची स्लॅब आहे. पत्रा दुपारी जाळतो आणि स्लॅब रात्री जाळतो, एवढाच फरक!

रात्रीच्या या जळण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या माणसांना तेच कळत नाही आणि मग दोष कुलरला, पंख्याला किंवा वयाला दिला जातो. पत्रा पातळ असतो. ऊन पडले की तापतो, सूर्य बुडाला की तासाभरात निवतो. सिमेंटच्या स्लॅबचे तसे नाही. तो सकाळपासून उष्णता साठवत राहतो, ती हळूहळू खाली सरकते आणि संध्याकाळी बाहेर झुळूक सुटते तेव्हा छताचा खालचा भाग ऐन तापात आलेला असतो. मध्यरात्रीपर्यंत तो खाली झोपलेल्या माणसावर ती उष्णता टाकत राहतो. अशा छताला टांगलेला पंखा काय करणार? छताजवळची तापलेली हवा तो खाली ढकलतो. वस्तीतल्या बाया आम्हाला सांगतात, ‘वकील साहेब, पंखा हवा नाही देत, आग फेकतो.’ त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. हवा चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा शरीराला गारवा देण्याऐवजी तापवू लागतो.

आता थोडा हिशेब करू. सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. साध्या स्लॅबच्या एका चौरस मीटरमधून, आतल्या-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकामागे, ढोबळ मानाने साडेतीन वॉट उष्णता आत येते. मे महिन्याच्या दुपारी ऊन आणि हवा मिळून छताला ६० अंशांचा मार बसतो आणि घरात ३८ अंश आहेत, असे धरा. फरक २२ अंशांचा. २२ गुणिले साडेतीन गुणिले २५ म्हणजे १९२५ वॉट! साध्या शब्दांत सांगायचे तर आमच्या घरकुलाच्या छताला दोन हजार वॉटची शेगडी उलटी टांगलेली आहे आणि तिचे बटण आमच्या हातात नाही. हा हिशेब कच्चा आहे. स्लॅबची जाडी, वारा, ढग यांप्रमाणे तो कमी-जास्त होईल. परंतु शेगडी आहे हे त्यातून स्पष्ट होते. या शेगडीविरुद्ध लढायला आम्ही कर्ज काढून कुलर आणतो. कुलरला पाणी लागते आणि वस्तीत टँकर येतो चार दिवसांनी. वीज गेली की कुलरही गेला.

खानदेशात पूर्वी अशी घरे नव्हती, असे काही विद्वान आम्हाला ऐकवतात. ते म्हणतात, आपली धाब्याची घरे बघा! दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी सर, त्यावर कड्या आणि किलचा, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती पसरली की गळण्याची भीती नाही, आणि मे महिन्यात दुपारी आत गेले तर अंगावर गार हवा येते. हे सगळे खरे आहे. मातीचा एवढा जाड थर उष्णता सहजासहजी खाली येऊ देत नाही, हे कोणताही अभियंता मान्य करील. परंतु धाब्याचे घर कोणाचे होते? पाटलाचे, देशमुखाचे, सावकाराचे. सागाचे सर ज्याच्याकडे त्याचे धाबे! गावकुसाबाहेर आमच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला कुडाची भिंत आणि पऱ्हाट्यांचे छप्पर होते. ते उन्हात तापायचे, पावसात गळायचे आणि एका ठिणगीत राख व्हायचे. म्हणून आमच्या माणसाने जेव्हा पत्रा घातला तेव्हा ती त्याची प्रगती होती, आणि स्लॅब टाकला तेव्हा तो त्याचा स्वाभिमान होता. ‘पक्के घर’ या दोन शब्दांत आमच्या समाजाच्या किमान दोन पिढ्यांचे कष्ट आहेत. खेड्याचे गोडवे आम्हाला कोणी सांगू नयेत. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे सुनावले ते आम्ही विसरलेलो नाही. आम्हाला मातीत परत जायचे नाही. आम्हाला स्लॅबच पाहिजे, पण माणूस राहू शकेल असा स्लॅब पाहिजे! धाब्याकडून घ्यायचे ते शास्त्र घेऊ आणि जातीची उतरंड तिथेच सोडू.

मग अडचण कोठे आहे? अडचण अंदाजपत्रकात आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली आली तेव्हा सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये धरले गेले. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास घरकुल योजना आहे. तिचेही गणित फार वेगळे नाही. पाया, चौकट, छत असे हप्ते पडतात. पायाला जास्त लागले, वाळू महागली, गवंडी पळाला. आणि घर चौकटीपर्यंत येते तोवर पैसे संपतात. मग लाभार्थी काय करतो? पत्रे टाकतो. फोटो काढला जातो आणि कागदोपत्री घर पूर्ण होते. ज्याचा स्लॅब पडतो त्याच्याही छतावर काहीच नसते, नुसते उघडे करडे सिमेंट. भिंतीला रंग, दारावर योजनेचे नाव, लाभार्थ्याचे नाव, मंजूर रक्कम, सगळे रंगवलेले असते! फक्त ज्या पृष्ठभागावर दिवसभर ऊन पडते त्याला एक हात चुनासुद्धा नाही. माता रमाईंच्या नावाने दिलेल्या घरात आमच्या आया-बहिणी भाजून निघतात, याची लाज कोणाला वाटली पाहिजे?

‘हा काय कायद्याचा विषय आहे?’ असे आमचे काही वकील मित्रच विचारतात. होय, आहे! सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली शांतिस्टार बिल्डर्सच्या खटल्यात जनावराचा निवारा आणि माणसाचा निवारा यांत फरक केला. जनावराला अंग झाकले तरी पुरते, माणसाला मात्र सर्वांगाने वाढता येईल असे घर लागते, असा त्याचा आशय. त्यानंतरच्या चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्याचा निकाल तर आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. तो खटला मुळात अनुसूचित जातींच्या घरांसाठी केलेल्या भूसंपादनाचा होता. जमीनमालक संपादनाविरुद्ध गेले आणि हरले. न्यायालयाने सांगितले की निवारा म्हणजे डोक्यावर नुसते छप्पर नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित आणि नीट बांधकाम, उजेड, शुद्ध हवा, पाणी, वीज, स्वच्छता हे सगळे त्यात येते आणि हा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुढे २०२४ साली माळढोक पक्ष्यांच्या खटल्यात याच न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये असल्याचे मान्य केले. पक्ष्याच्या निमित्ताने का होईना, माणसाचा हक्क मान्य झाला! हे तीन निकाल एकत्र वाचले तर, सरकारी पैशाने सरकारी नकाशावर बांधलेले घर मे महिन्यात राहण्यालायक नसेल तर ती सरकारची जबाबदारी आहे, असा युक्तिवाद निश्चित करता येतो.

विशेष म्हणजे छत किती उष्णता आत येऊ देईल याचे माप सरकारला माहीत नव्हते असे नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ काढली. तिच्यात निवासी इमारतीच्या छताची मर्यादा घातली : एका चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकामागे, जास्तीत जास्त १.२ वॉट. आमच्या स्लॅबचा आकडा आठवा, साडेतीन! १.२ च्या छताखाली वरची १९२५ वॉटची शेगडी ६६० वर येते. परंतु ही संहिता कोणाला लागू केली? ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना. म्हणजे ज्याच्या घरात आधीच वातानुकूलन यंत्र आहे त्याचे विजेचे बिल वाचवण्यासाठी नियम, आणि २५ चौरस मीटरात सहा माणसे राहतात त्यांच्यासाठी काहीच नाही. मनुस्मृती जाळून इतकी वर्षे झाली, तरी कोणासाठी नियम आणि कोण नियमाबाहेर हे ठरवण्याची सवय काही जात नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय चुना. स्लॅब झाडून, धुऊन, त्यावर चुन्याचे दोन-तीन हात. चुना सुटू नये म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉलसारखा चिकटा घालावा. उघडे सिमेंट निम्म्याहून जास्त ऊन पिऊन टाकते. ताजा पांढरा चुना बरेचसे ऊन आकाशाकडे परत पाठवतो आणि आमच्या हिशेबातली शेगडी जवळपास निम्म्यावर येते. घरातले तापमान यामुळे दोन ते पाच अंशांनी उतरते, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. ४५ अंशांच्या दिवशी हे दोन-पाच अंश म्हाताऱ्या माणसासाठी किती मोलाचे आहेत हे सांगायला नको. २६९ चौरस फुटांना चुन्याचा खर्च काही शे रुपयांत भागतो. पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून दरवर्षी करावा लागतो. तयार पांढरे रंग मिळतात, ते काही वर्षे टिकतात, पण महाग पडतात.

थोडी ऐपत असेल तर स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक करावे. फरशीच्या दुकानाबाहेर फुटक्या टाइल्सचा ढीग पडलेला असतो, तो मातीमोलाने मिळतो. कोबा उष्णता अडवतो, मोझॅक ऊन परतवते आणि गळतीही थांबते. परंतु कोब्याचे वजन मोठे असते. घरकुलाचा स्लॅब अशक्त असेल, सळई उघडी पडली असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर ओझे टाकू नये. आणि एक गोष्ट कृपा करून करू नका : गळती थांबवायला स्लॅबवर काळे डांबर फासू नका. काळ्या रंगाने गळती थांबेल, पण घराची भट्टी होईल. फासलेच असेल तर त्यावर पांढरा रंग द्या.

पत्र्याचे काम वेगळे आहे. पत्र्यावर चुना नीट धरत नाही. गंज घासून पांढरा रंग दिलेला बरा. पण पत्र्याचा खरा उपाय म्हणजे थर्मामीटरच्या पेटीसारखा दुसरा पदर. पत्र्याच्या वर हात-दीड हात अंतर ठेवून बांबूवर हिरवी जाळी ताणा, तुराट्या पसरा किंवा गिलक्या-दोडक्याचा वेल चढवा. ऊन पत्र्यापर्यंत पोचताच कामा नये. खालून बांबूच्या चटईचे छत करता येते. मात्र चटई आणि पत्रा यांच्यामधली कोंडलेली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना वरच्या बाजूस जागा सोडा, नाहीतर काही उपयोग नाही. थर्माकोल स्वस्त दिसतो, पण चुलीच्या घरात तो लावू नये. तो भडकन पेटतो आणि त्याचा धूर जीव घेतो. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना कोरडे घासू नका, भोके पाडू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते.

पश्चिमेची भिंत विसरू नका, दुपारनंतर तीच तापते. तिच्यावर सावली हवी. आणि खिडक्या सकाळी नऊच्या सुमारास बंद करून पडदा ओढावा, रात्री सताड उघडाव्यात. दिवसा ४४ अंशांची हवा ‘मोकळी हवा’ म्हणून घरात घेण्यात शहाणपण नाही. चूल पेटलेली असेल तेव्हा मात्र धूर कोंडू देऊ नका.

यावर आमच्यातलेच काही जहाल कार्यकर्ते हसतील. म्हणतील, समाज सत्तेची स्वप्ने पाहतो आहे आणि तुम्ही चुना कालवत बसा! त्यांनी १९४३ चा डिसेंबर आठवावा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, आणि खाणीबरोबरच त्यांनी खाण कामगारांची राहण्याची घरेही पाहिली. पुढे १९४४ साली कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला आणि कामगारांची घरे हा त्या निधीचा एक विषय होता. सत्ता हाती असलेल्या माणसाने मजुराच्या घराकडे पाहणे बाबासाहेबांना कमीपणाचे वाटले नाही.

आणि हे काम एकट्यादुकट्याच्या खिशाने करायचे, असेही आमचे म्हणणे नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाल्याचा अभ्यास आहे. त्यानंतर त्या शहराने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांची छते पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ साली थंड छतांचे धोरणच जाहीर केले. आमच्याकडे जुन्या दलितवस्ती सुधार योजनेचा पैसा दरवर्षी येतो आणि जातो कोठे? सिमेंटच्या रस्त्यात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये. कंत्राटदाराला ते सोपे पडते. दोन घरांमधली मातीची जागासुद्धा झाकून टाकली, झाडाला आळे ठेवले नाही, आणि वस्तीचे तापमान आणखी वाढवले! ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून चुना आणि पांढरा रंग का मिळू नये?

ज्यांच्या घराला फक्त नमुना आठचा उतारा आहे, त्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नव्हे. उद्या अतिक्रमणाची नोटीस येईल या धाकाखाली कोण छतावर पैसे घालील? म्हणून जागा नावावर करण्याचा लढा आणि छताचा लढा एकाच अर्जात आला पाहिजे.

तेव्हा या हंगामात तीन कामे आम्ही सुचवतो. प्रत्येक तालुक्यातून पंचायत समितीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : घरकुलाच्या मंजूर अंदाजपत्रकात छतावरच्या उष्णतारोधक थराची तरतूद आहे काय, असल्यास किती रुपयांची, नसल्यास कोणत्या आदेशानुसार वगळली. उत्तर काहीही आले तरी ते जपून ठेवा, न्यायालयात त्याच कागदाला किंमत आहे. दुसरे, ग्रामसभेत १५ टक्के निधीतून छतांसाठी ठराव मांडा आणि इतिवृत्ताची नक्कल त्याच आठवड्यात मागा. तिसरे, १४ एप्रिलपूर्वी आपण विहाराला रंग देतोच. भिंती रंगवून झाल्या की शिडी आणखी चार पायऱ्या वर न्या आणि विहाराच्या छताला चुना लावा. उरलेला चुना ज्या घरात बाळंतीण किंवा म्हातारे माणूस आहे त्या घराच्या छतावर आधी जाऊ द्या. बाजारात भिंतीवरचा थर्मामीटर मिळत असेल तर एक चुना लावलेल्या घरात आणि एक न लावलेल्या घरात टांगा, दुपारी तीन आणि रात्री अकरा वाजता वहीत आकडे लिहा. सातवी-आठवीतली आपली मुले हे काम हौसेने करतील. अर्जासोबत जोडायला ती वही लागणार आहे.